हातपंपापर्यंतची वाट

१ जानेवारी २०२५च्या रात्री भोपाळहून बारा बंद कंटेनर निघाले. मागेपुढे पोलिसांच्या गाड्या होत्या, वाटेतली वाहतूक थांबवली होती. जायचे होते सुमारे २५० किलोमीटरवरच्या पीथमपूरला, इंदूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत. कंटेनरमध्ये युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातला ३३७ टन कचरा होता: १६२ टन आधी कधीतरी खणून काढलेली माती, ९२ टन सेविन हे कीटकनाशक आणि नॅफ्थॉल यांचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेली कीटकनाशके आणि २९ टन रिअॅक्टरमधली घाण. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. आत्मदहनाच्या प्रयत्नात दोघे भाजले. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या आणि जूनअखेर सगळा कचरा भट्टीत जाळून झाला. भोपाळचा विषारी कचरा अखेर संपला, अशा बातम्या त्यानंतर छापून आल्या.

तो संपलेला नाही. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, आणि हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१०मध्ये त्या जागेचा अहवाल दिला. त्यात दूषित मातीचा अंदाज आहे सुमारे ११ लाख टन. जाळलेला कचरा या मातीच्या तुलनेत दहा हजारांत तीन इतका भरतो. तरीही दोन दशके कोर्टकचेऱ्या, राज्यांची भांडणे, मोर्चे आणि मथळे बहुतेक त्या ३३७ टनांभोवतीच फिरले. कारण उघड आहे. तो कचरा गोळा केलेला होता, शेडमध्ये होता, वजनकाट्यावर चढवता येत होता. मातीत मुरलेले आणि पाण्यात उतरलेले विष कोणाला दाखवता येत नाही. ते शोधावे लागते, आणि कुठे शोधायचे हे ठरवण्याचेच एक शास्त्र आहे. तेच शास्त्र या प्रकरणाचा विषय आहे.

या शास्त्राचा पहिला प्रश्न ‘विष किती?’ असा नसतो. विष कुठून निघते, कोणत्या वाटेने जाते आणि कोणाच्या अंगात शिरते, ही साखळी आधी मांडायची असते. कुलूपबंद शेडमधल्या पिंपात जहाल रसायन असले तरी त्यातून बाहेर पडायला वाट नसेल, तर आज त्याची जोखीम कमी असते. उलट पाण्यात विरघळणारे एखादे रसायन लिटरमागे काही मिलिग्रॅम इतकेच असते, पण ते रोज हंड्याने घरात येत असेल तर जोखीम मोठी. साखळीतला एक दुवा तोडला की जोखीम संपते. एक दुवा नजरेतून सुटला, तर अहवालातला प्रत्येक आकडा बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो.

हे जगाला शिकवले अमेरिकेतल्या लव्ह कॅनालने. नायगारा फॉल्स शहरात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात एका अर्धवट खोदून सोडलेल्या कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि ती जमीन स्थानिक शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. तिथे शाळा झाली, भोवती घरे झाली. सत्तरच्या दशकात तळघरांच्या भिंतींतून रसायने झिरपू लागली. १९७८मध्ये राज्याने आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि कालव्याला लागून असलेल्या रांगांमधली कुटुंबे हलवली. पलीकडच्या घरांना धोका नाही, असे सांगितले गेले. कालव्यापासून जितके लांब तितके सुरक्षित, असा त्यामागचा हिशेब होता.

तिथे राहणाऱ्या लोइस गिब्ज या गृहिणीने शेजारणींच्या मदतीने घरोघर विचारपूस करून आजारांची नोंद नकाशावर उतरवली. बफेलोच्या कर्करोग संस्थेतल्या बेव्हर्ली पायगन या शास्त्रज्ञबाईंनी तिला साथ दिली. खुणा वर्तुळात पसरल्या नव्हत्या. त्या नागमोडी रेषांत होत्या, आणि जुन्या रहिवाशांनी त्या रेषा ओळखल्या. तिथून पूर्वी ओहोळ वाहत होते. घरे बांधताना ते भराव टाकून बुजवले होते, पण जमिनीखाली पाणी अजून त्याच पोकळ वाटेने जात होते आणि सोबत रसायने नेत होते. सरकारी आरोग्य खात्याने आधी ही पाहणी उडवून लावली. मग त्यांच्याच आकडेवारीत ओलसर पट्ट्यातल्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण जास्त दिसले आणि फेब्रुवारी १९७९मध्ये बाहेरच्या भागातल्या गरोदर स्त्रिया व दोन वर्षांखालची मुले यांना हलवण्याचा आदेश निघाला. मला या हकीकतीत सर्वांत मोलाची वाटते ती जुन्या रहिवाशांची आठवण. ओहोळ कुठे होता हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

लव्ह कॅनालमुळे डिसेंबर १९८०मध्ये अमेरिकेत ‘सुपरफंड’ कायदा आला आणि १९८३मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने जोखीम तपासण्याची चार पायऱ्यांची पद्धत मांडली. रसायन काय अपाय करते ते ओळखायचे, किती मात्रेला किती अपाय होतो ते शोधायचे, माणसाच्या शरीरात प्रत्यक्षात किती जाते ते काढायचे आणि मग सगळे जोडून जोखीम सांगायची. जगभरच्या संस्था थोड्याफार फरकाने हीच पद्धत वापरतात. पहिल्या दोन पायऱ्यांची माहिती बरीचशी तयार मिळते. तिसरी पायरी मात्र प्रत्येक जागेवर नव्याने चढावी लागते, आणि पाय घसरतो तो तिथेच.

भोपाळमध्ये ती कशी चढली गेली ते पाहू.

२ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री एका टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटले आणि हजारो माणसे मेली. ते सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्रीच्या आधी पंधरा वर्षे त्या कारखान्याचा रोजचा कचरा त्याच्याच आवारातल्या खड्ड्यांमध्ये टाकला जात होता, हे तितके माहीत नाही. त्यात क्लोरिनयुक्त द्रावके, नॅफ्थॉल, कीटकनाशकांचे अवशेष आणि पारा होता. १९७७पासून सांडपाणी कुंपणाबाहेरच्या सौर बाष्पीभवन तळ्यांत सोडले जाऊ लागले. ही तळी तीस-पस्तीस एकरांवर होती आणि तळाशी प्लास्टिकचे अस्तर होते. १९८२मध्येच तळी गळत असल्याची तार भोपाळहून कंपनीच्या अमेरिकेतल्या कार्यालयात गेली होती. कंपनीने स्वतः १९८९मध्ये आवारातल्या खड्ड्यांजवळची माती आणि पाणी तपासले; त्या नमुन्यांत सोडलेले मासे सगळे मेले. ही तपासणी तेव्हा लोकांपुढे आली नाही. पुढे अमेरिकेतल्या खटल्यात कागदपत्रे खुली झाली तेव्हा कळली. तोवर आसपासच्या वस्त्या हातपंपाचेच पाणी पीत होत्या.

अशा ६७ एकरांच्या आवाराची तपासणी करायची तर नमुने कुठून घ्यायचे? शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळा एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. कारखान्याची जमीन तशी शिजलेली नसते. एका खड्ड्यात डांबरासारखा गाळ आणि दहा पावलांवर स्वच्छ माती, असे सर्रास असते. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने १९९९मध्ये तिथे नमुने घेतले तेव्हा काही ठिकाणी पारा नैसर्गिक पातळीच्या कित्येक हजार पट आणि एका ठिकाणी साठ लाख पट सापडला. असे नमुने बाकीच्या दहा नमुन्यांत मिसळून एकच सरासरी काढली, तर ती जागा कागदावर बऱ्यापैकी दिसू शकते. शेतीच्या माती परीक्षणात चार कोपऱ्यांची माती एकत्र करणे योग्य असते. पुरलेल्या विषाच्या बाबतीत त्याच रीतीने विष हरवते. म्हणून आधी जुने नकाशे, हवाई छायाचित्रे, कारखान्याच्या नोंदी आणि जुने कामगार यांच्याकडून टाकण्याच्या जागा कळाव्या लागतात आणि मगच गिरमिट जमिनीत घालावे लागते. प्रयोगशाळेचेही तसेच आहे. पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू पाहतात. डायक्लोरोबेन्झिन शोधा असे कोणी सांगितले नाही, तर अहवालात ते येणार नाही, आणि अहवालात नाही म्हणून पाण्यातही नाही, असा अर्थ लावला जाईल.

पुढचा दुवा म्हणजे जमिनीतून भूजलापर्यंतची वाट. त्या जागेवर वरचा थर काळ्या चिकणमातीचा आहे. १९९७च्या सुमारास नीरीने या चिकणमातीतून पाणी किती सावकाश उतरते याचा हिशेब केला आणि दूषित पाणी खालच्या भूजलापर्यंत पोचायला २३ वर्षे लागतील असे काढले. युनियन कार्बाइडनेच नेमलेल्या सल्लागार कंपनीने तो मसुदा वाचून सावध केले की परिस्थिती वाईट असेल तर हा काळ दोन वर्षांचाही असू शकतो. माती तीच, सूत्र तेच. उत्तर २३ आणि २. फरक पडतो तो मातीची पाझरक्षमता किती धरली यावर. प्रयोगशाळेत नळीभर माती दाबून तिच्यातून पाणी जाऊ दिले, तर चिकणमाती जवळजवळ अभेद्य वाटते. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, काळी जमीन मे महिन्यात कशी फाटते. भेगेत हातभर काठी जाते. पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. शिवाय मुळे असतात, जुन्या पाइपांचे चर असतात आणि सर्वांत सरळ वाट म्हणजे नीट बंद न केलेली बोअर. त्यातून द्रावकांचा स्वभाव वेगळाच. कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोबेन्झिन पाण्यापेक्षा जड असतात. ती पाण्यावर तरंगत नाहीत, खाली बुडतात, खडकातल्या फटींत साचतात आणि तिथून वर्षानुवर्षे थोडीथोडी पाण्यात विरघळत राहतात. २०१०च्या अहवालातही काळ्या मातीच्या थरावर बराच भरवसा ठेवला आहे. मला तो भरवसा पटत नाही. कारण कागदावर २३ वर्षांचा हिशेब मांडला जात होता त्याच दशकात हातपंपांच्या पाण्यात हीच द्रावके सापडत होती.

आता शेवटचा दुवा, माणूस. ग्रीनपीसच्या १९९९च्या तपासणीत कारखान्याजवळच्या वस्तीतल्या एका हातपंपाच्या पाण्यात लिटरमागे ३,४१० मायक्रोग्रॅम कार्बन टेट्राक्लोराइड आढळले. अमेरिकेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हे प्रमाण त्याच्या ६८२ पट होते. पण मर्यादेच्या किती पट, एवढ्यावर जोखमीचा हिशेब थांबत नाही. तो असा पुढे जातो.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१४पर्यंतच्या पुस्तकी गृहीतकात प्रौढ माणूस ७० किलोचा असे आणि दिवसाला दोन लिटर पाणी पीत असे. या हातपंपाचे पाणी त्याने प्यायले तर पोटात जाईल ६.८२ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम. जन्मभर रोज घेतली तरी अपाय अपेक्षित नाही अशी या रसायनाची मात्रा त्याच संस्थेने किलोमागे ०.००४ मिलिग्रॅम ठरवली आहे. भागाकार येतो साधारण २४. तो एकच्या आत असावा लागतो.

पण भोपाळमध्ये त्या पंपावर येणारा माणूस ७० किलोचा नाही. समजा तो ५० किलोचा हमाल आहे आणि मध्य प्रदेशच्या उन्हाळ्यात दिवसाला तीन लिटर पाणी पितो. भागाकार जातो ५१वर. त्याचे १५ किलो वजनाचे मूल दिवसाला एकच लिटर पीत असेल, तरी उत्तर ५७ येते. पाणी तेच, पंप तोच. परदेशी तक्त्यातले वजन आणि पाणी जसेच्या तसे उचलले, तर हमाल आणि त्याचे मूल हिशेबात अर्ध्यावर येतात. शिवाय हे रसायन उडून जाणारे आहे. पाणी उकळले की जंतू मरतात, पण कार्बन टेट्राक्लोराइड वाफेबरोबर खोलीत पसरते आणि चुलीपाशी बसलेल्या बाईच्या श्वासात जाते. पाणी उकळून प्या, हा एरवी शहाणपणाचा सल्ला इथे विषाची एक वाट बंद करून दुसरी उघडतो.

५७ म्हणजे आजार ५७ पट, असा अर्थ नाही, हेही सांगायला हवे. ती ०.००४ची मात्रा मुळात प्राण्यांवरच्या प्रयोगांतून येते. ज्या मात्रेला प्राण्यांत अपाय दिसत नाही ती घ्यायची, प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी तिला भागायचे, मग सगळी माणसे सारखी नसतात म्हणून पुन्हा भागायचे. हे भागाकार म्हणजे आपल्या अज्ञानासाठी ठेवलेली जागा. ती ठेवणे योग्यच आहे. पण त्या जागेतही भोपाळ मावत नाही. गणितात एका वेळी एक रसायन घेतात. एकाच अवयवाला दुखावणारी रसायने असली तर त्यांचे भागाकार बेरजेत घेतात. कार्बन टेट्राक्लोराइडच्या बाबतीत तो अवयव यकृत. हातपंपात मात्र क्लोरोफॉर्म, क्लोरोबेन्झिने असे बरेच काही एकत्र होते. आणि ते पाणी पिणाऱ्यांत अशीही माणसे होती ज्यांची फुप्फुसे १९८४मध्येच जळली होती. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने असे शरीर गृहीत धरून सुरक्षित मात्रा काढलेली नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाधित वस्त्यांना शुद्ध पाणी देण्याचा आदेश दिला. नळ यायला पुढे कित्येक वर्षे गेली. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २००९मध्ये कारखान्यापासून तीन किलोमीटरवरच्या भूजलात तिथलीच रसायने दाखवून दिली. नंतर लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासण्या झाल्या आणि बाधित वस्त्यांची यादी वाढत ४२वर गेली. जिथे जिथे शोधले तिथे वाट आणखी लांब गेलेली दिसली.

आतापर्यंत फक्त माणसाचा विचार केला. पर्यावरणाची जोखीम म्हटले की गांडूळ, मासा, बगळा हेही त्या साखळीच्या टोकाला असतात, आणि त्यांच्याकडून नळाची मागणी येत नाही. तमिळनाडूत कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना होता. पारा मिसळलेली काच भंगारवाल्याकडे सापडल्यावर तो २००१मध्ये बंद पडला. जागेच्या सफाईसाठी मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहिला तरी चालेल, असे माप धरले गेले. माणूस तिथे राहतो, माती थोडीबहुत पोटात जाते, अशा हिशेबातून असे माप निघते आणि त्या हिशेबात ते बसतेही. पण कारखान्याच्या खालच्या उतारावर शोला जंगल आहे, ओढे आहेत. वाहून गेलेल्या पाऱ्याचे ओल्या गाळातले जिवाणू मिथाइल पारा बनवतात. तो शेवाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत, माशांतून पक्ष्यांत जाताना प्रत्येक पायरीला दाट होत जातो. माणसाच्या अंगणासाठी काढलेले माप त्या माशासाठी काढलेले नाही. तिथल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे नेमका हाच मुद्दा लावून धरला, आणि शास्त्र त्यांच्या बाजूचे होते असे मला वाटते. जमीन पुढे कशासाठी वापरायची आणि तिथल्या कोणाला मोजायचे, हे आधी ठरते. ‘शास्त्रीय’ आकडा त्यानंतर येतो.

भोपाळच्या ३३७ टनांचा प्रवासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २००७मध्ये गुजरातेतल्या अंकलेश्वरला तो कचरा नेऊन जाळायचे ठरले. गुजरातने नकार दिला. २०११मध्ये नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव पुढे आले. महाराष्ट्राने विरोध केला. मग जर्मनीला विमानाने पाठवण्याची बोलणी झाली आणि फिसकटली. शेवटी पीथमपूर. नागपूरकरांची भीती खरी होती, तशी पीथमपूरकरांचीही. भट्टीत जाळले तरी साखळी संपत नाही, नवी सुरू होते: धुराड्यातून निघणारी वाफ, डायऑक्सिनसारखी विषारी रसायने तयार होण्याची शक्यता आणि मागे उरणारी राख. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, म्हणून ३३७ टनांची राख ८०० टनांहून अधिक भरली. ती आता अस्तर घातलेल्या खड्ड्यात ठेवायची आणि शेजारच्या गावाच्या विहिरी पुढची कित्येक दशके तपासत राहायचे. ही देखरेख ठेवली तरच जोखीम कमी झाली असे म्हणता येईल. नाहीतर ती फक्त २५० किलोमीटर सरकली.

जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रथमच अधिसूचित केले. तोवर देशात अशी १०३ स्थळे नोंदली गेली होती आणि सफाई सुरू झाली होती ती अवघ्या सात ठिकाणी. संशयित जागेची प्राथमिक तपासणी ९० दिवसांत, मग आणखी तीन महिन्यांत सविस्तर पाहणी, अशी मुदत या नियमांत आहे. मुदत असणे चांगले आहे. पण तीन महिन्यांची पाहणी एकच ऋतू पाहते. मेमध्ये फाटलेली काळी माती आणि ऑगस्टमध्ये चढलेली पाण्याची पातळी यांचे नमुने एकमेकांसारखे येत नाहीत, म्हणून निदान एका पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे, असे दोन्ही नमुने घ्यायला हवेत. जुने कामगार, हातपंप दुरुस्त करणारा, बोअर घेणारा, विहिरीचे पाणी कोणत्या साली कडू लागायला लागले हे सांगणाऱ्या बायका, या सगळ्यांची माहिती गिरमिट लावण्याआधी नकाशावर यायला हवी. आणि हा नकाशा, नमुन्यांच्या जागा आणि गृहीत धरलेले वजन व पाणी यांच्यासह, त्या वस्तीला तिच्या भाषेत मिळायला हवा. भोपाळच्या ११ लाख टन मातीची अशी तपासणी अजून व्हायची आहे.